डब्यातले सँडविच ओले का होते?



मधल्या सुट्टीची घंटा होते. तुम्ही डबा उघडता. सकाळी भरताना जे सँडविच पांढरेशुभ्र आणि नीटनेटके दिसत होते, त्याची आता पार रया गेलेली असते. खालचा काप भिजून डब्याच्या तळाला चिकटलेला, वरच्या कापावर चटणीचे हिरवे डाग, टोमॅटोची चकती एका बाजूने बाहेर सरकलेली. उचलायला जावे तर निम्मे हातात आणि निम्मे डब्यात! शेजारच्या मित्राने पाहण्याआधीच तुम्ही झाकण लावून टाकता. डबा तसाच घरी परत जातो. संध्याकाळी आई विचारते, "का रे, खाल्ले का नाहीस?" आणि तुम्ही सांगता, "भूक नव्हती."

खरे तर भूक होती. चौथ्या तासाला पोटात कावळे ओरडत होते आणि फळ्यावरचे गणित डोक्यात शिरत नव्हते. आईने मात्र पहाटे उठून केलेले सँडविच वाया गेले. यात चूक आईची नाही, तुमचीही नाही आणि पाववाल्याची तर नाहीच. ही सारी करामत पाण्याची आहे. सकाळी टोमॅटोत आणि काकडीत असलेले पाणी दुपारपर्यंत पावात जाऊन बसले, एवढेच घडले आहे. हे पाणी कसे चालते आणि त्याची वाट कशी अडवावी हे समजले, तर दहा मिनिटांत केलेले साधे सँडविचसुद्धा दुपारी चांगले राहते. आज आपण तेच पाहू या. यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. स्वयंपाकघराचा ओटा पुरे.

पाव आणि सँडविच

प्रथम थोडी ओळख. आपला 'पाव' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला. पोर्तुगीज लोक सोळाव्या शतकात गोव्यात आले आणि त्यांच्याबरोबर भट्टीत भाजलेला पावही आला. पीठ फुगविण्यासाठी गोव्यातील पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, माडाची ताडी वापरीत. ताडीत यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव असतात, म्हणून ही युक्ती साधत असे.

'सँडविच' हे मात्र इंग्लंडमधील एका गावाचे नाव. त्या गावाच्या नावाची पदवी धारण करणारे चौथे अर्ल, जॉन माँटेग्यू (1718–1792), यांच्यावरून पावाच्या दोन कापांमध्ये काही घालून खाण्याच्या प्रकाराला हे नाव मिळाले. एडवर्ड गिबन या इतिहासकाराच्या 1762 सालच्या रोजनिशीत हा शब्द खाद्यपदार्थ या अर्थाने आढळतो. आयते कापलेले पाव तर फार अलीकडचे. ऑटो रोव्हेडर या अमेरिकन गृहस्थाने पाव कापण्याचे यंत्र बनविले आणि त्यावर कापलेले पाव 1928 साली प्रथम विक्रीस आले.

मुंबईच्या रस्त्यावर मिळणारे सँडविच तुमच्यापैकी अनेकांनी खाल्ले असेल. लोणी, हिरवी चटणी, उकडलेला बटाटा, काकडी, टोमॅटो, कांदा, कधी बीट असा त्याचा थाट असतो. आज आपण नमुना म्हणून हेच सँडविच घेणार आहोत.

पाण्याचा हिशेब

आता पाण्याचा हिशेब मांडू. काकडीच्या वजनापैकी सुमारे 95 टक्के पाणीच असते. टोमॅटोतही जवळजवळ तेवढेच. उकडलेल्या बटाट्यात सुमारे 77 टक्के पाणी असते. आणि पावात? हाताला कोरडा लागला तरी पांढऱ्या पावात 35 ते 40 टक्के पाणी असते. बाजारात मिळणाऱ्या लोण्यात किमान 80 टक्के स्निग्ध पदार्थ असावा आणि पाणी 16 टक्क्यांहून अधिक नसावे, असा आपल्याकडील नियम आहे.

समजा, तुम्ही 30-30 ग्रॅमचे पावाचे दोन काप घेतलेत. त्यांत सुमारे 22 ग्रॅम पाणी आहे. मध्ये 40 ग्रॅम टोमॅटो आणि 30 ग्रॅम काकडी ठेवलीत. या 70 ग्रॅममध्ये सुमारे 66 ग्रॅम पाणी आहे. म्हणजे पावात जेवढे पाणी आहे त्याच्या तिप्पट पाणी त्याच्या दाराशी येऊन उभे आहे! यातले थोडे जरी आत शिरले तरी पावाचा लगदा व्हायला वेळ लागणार नाही.

पाणी आत कसे शिरते?

पावाचा काप उजेडासमोर धरून नीट पहा. तो भोकाभोकांचा दिसेल. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की त्यातील प्रथिनांचे 'ग्लुटेन' नावाचे लवचिक जाळे तयार होते. यीस्ट पिठातील साखरेवर जगते आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडते. हा वायू ग्लुटेनच्या जाळ्यात अडकतो आणि पीठ फुगते. भट्टीत भाजल्यावर वायू निघून जातो, पण त्याची घरे तशीच राहतात. ज्वारीच्या पिठात असे ग्लुटेन नसते. म्हणून भाकरीचे पीठ पोळीच्या कणकेसारखे ताणता येत नाही आणि ज्वारीचा पाव गव्हाच्या पावासारखा फुगत नाही.

ही बारीक भोके एकमेकांना जोडलेली असतात. समईच्या वातीत तेल कसे वर चढते ते तुम्ही पाहिले आहे. वातीच्या धाग्यांमधील बारीक जागांतून तेल आपोआप वर ओढले जाते. याला केशाकर्षण म्हणतात. पावाचा काप म्हणजे अशी एक जाडजूड वातच समजा. त्याला पाणी टेकले की ते आत ओढले जाणार. शिवाय पावातील स्टार्च पाणी धरून ठेवतो आणि मऊ होतो. काप भिजला की त्याची भोके धरून ठेवणाऱ्या भिंतीच ढिल्या पडतात. मग तो हातात कसा राहील?

शत्रू ओळखला. आता त्याला अडवायचे कसे ते पाहू.

प्रयोग पहिला : लोण्याची भिंत

साहित्य : एकाच पावाचे चार काप, मऊ लोणी, टोमॅटोच्या सारख्या जाडीच्या चार चकत्या, टिपकागद किंवा जुने स्वच्छ सुती कापड, घड्याळ.

कृती : पहिल्या कापाला काहीच लावू नका. दुसऱ्याला फक्त मधोमध लोणी लावा. तिसऱ्याला तेवढेच लोणी पातळ पसरून अगदी कडेपर्यंत लावा. चौथा काप तव्यावर भाजून घ्या आणि गरम असतानाच त्याला लोणी लावा. प्रत्येकावर टोमॅटोची एकेक चकती ठेवा. चारही कापांवर चकती मधोमध न ठेवता एका कडेला ठेवा. अर्ध्या तासाने चकत्या उचला. चकतीखालच्या जागेवर टिपकागद हलकेच दाबून किती ओल येते ते पहा. घरात वजनकाटा असेल तर चकती ठेवण्यापूर्वी आणि उचलल्यानंतर कापांचे वजन करा आणि फरक वहीत लिहा.

पहिला काप सर्वांत अधिक भिजलेला आढळेल. दुसऱ्यात लोणी नसलेल्या कडेने पाणी आत गेलेले दिसेल. तिसऱ्यात मात्र टोमॅटोचे पाणी लोण्यावर थेंबाथेंबाने साचलेले असेल. कारण तुम्हाला ठाऊक आहे. पाणी आणि स्निग्ध पदार्थ एकमेकांत मिसळत नाहीत. लोण्याचा पातळ थर भोकांची तोंडे बुजवतो, आणि पाण्याला आत जायला वाट उरत नाही. लोण्यात स्वतःचे थोडे पाणी असते हे खरे. पण ते अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपाने स्निग्ध पदार्थात चहूकडून कोंडलेले असते, त्यामुळे पावाला ते भिजवीत नाही. घरी काढलेल्या लोण्यात ताक राहिले असेल तर मात्र पाणी अधिक असते. असे लोणी नीट धुऊन, दाबून, पाणी काढून मगच वापरावे.

चौथा काप तुम्हाला थोडा गोंधळात टाकील. गरम कापावर लोणी वितळते आणि भोकांतून खाली झिरपते. चव उत्तम लागते, पण वरची भिंत पातळ होते. लगेच खायचे असेल तर गरम कापाला लोणी लावा. डब्यात न्यायचे असेल तर काप निवू द्या आणि मग लावा.

या प्रयोगात पाव एकच, टोमॅटो सारखाच आणि वेळही तेवढाच ठेवला. बदलले ते फक्त लोणी लावण्याचे प्रकार. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बाकी साऱ्या तशाच ठेवाव्या, म्हणजे फरक कशामुळे पडला हे खात्रीने सांगता येते. चौथ्या कापात मात्र आपण दोन गोष्टी बदलल्या आहेत. तो भाजलाही आणि त्याला गरम असताना लोणीही लावले. मग त्याची तिसऱ्याशी तुलना करणे योग्य होईल का? योग्य तुलनेसाठी पाचवा काप कसा तयार कराल? हे तुम्हीच ठरवा.

प्रयोग दुसरा : मिठाची करामत

काकडीची कोशिंबीर करताना आई मीठ अगदी शेवटी, पाने वाढण्याच्या वेळी घालते. याउलट खमंग काकडी करताना काकडी चोचवून तिला आधी मीठ लावते आणि पाणी पिळून काढते. या दोन्ही रीतींमागे एकच तत्त्व आहे.

दोन वाट्यांत काकडीच्या सारख्याच दहा-दहा चकत्या घ्या. एका वाटीत अर्धा चमचा मीठ घालून कालवा. दुसरीत काहीच घालू नका. वीस मिनिटांनी दोन्ही वाट्या तिरप्या करून पाणी चमच्याने मोजा. मीठ घातलेल्या वाटीत पाणी साचलेले असेल आणि तिच्यातल्या चकत्या लवलवीत झालेल्या असतील. दुसऱ्या वाटीत जेमतेम ओल दिसेल.

काकडीच्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पटल असते. त्यातून पाणी सहज जाते, पण मीठ सहज जात नाही. बाहेर मिठाचे दाट द्रावण असले की आतले पाणी त्या दाट द्रावणाकडे बाहेर पडते. या क्रियेला परासरण म्हणतात. तुमच्या पाठ्यपुस्तकात मनुका पाण्यात टाकण्याचा प्रयोग आहे ना? तेथे पाणी आत जाते, येथे ते बाहेर येते. तत्त्व तेच.

आता सकाळची चूक ध्यानात येईल. सहा वाजता काकडीवर आणि टोमॅटोवर मीठ भुरभुरले की अकरा वाजेपर्यंत परासरणाला पाच तास मिळतात! म्हणून डब्याच्या सँडविचमध्ये चकत्यांवर मीठ घालू नये. चटणीत आणि लोण्यात असते तेवढे मीठ पुष्कळ झाले. हवेच असेल तर मीठ-मसाल्याची पुडी वेगळी न्यावी आणि खाताना घालावे. टोमॅटोच्या आतला बियांचा बुळबुळीत गरही चमच्याने काढून टाकावा. सुटे पाणी बहुतेक तेथेच असते. तो गर आमटीत घातला की वायाही जात नाही.

चटणीतले डाळे

हिरव्या चटणीत कोथिंबीर, मिरची, आले, लिंबू आणि मीठ असते. मिक्सरमध्ये ती फिरावी म्हणून आपण पाणी घालतो आणि हेच पाणी पुढे सँडविचला नडते. अशा वेळी चटणी वाटताना तीत दोन चमचे पंढरपुरी डाळे घालावे. डाळ्यातील स्टार्च आणि प्रथिने पाणी शोषून धरतात, चटणी दाट होते आणि कापावर पसरत न जाता जागच्या जागी राहते.

डाळ्याचा आणखी एक फायदा आहे. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनलेली असतात त्यांपैकी लायसिन हे गव्हात कमी असते. हरभऱ्यात ते भरपूर असते. म्हणजे वरण-पोळीने जे साधते तेच पाव आणि डाळे यांच्या जोडीने थोड्या प्रमाणात साधते. दोन चमचे डाळ्याने दिवसाची गरज भागणार नाही, हे उघड आहे. पावाच्या दोन कापांत जेमतेम 5 ग्रॅम प्रथिने असतात. त्यांत एका उकडलेल्या अंड्याच्या चकत्या घातल्या तर सुमारे 6 ग्रॅमची भर पडते. 30 ग्रॅम पनीर घातले तरी साधारण तेवढीच भर पडते. चौथ्या तासापर्यंत तग धरायचा तर ही भर मोलाची आहे.

भाजताना काय होते?

सँडविचवाला दोन लांब दांड्यांच्या, पुस्तकासारख्या मिटणाऱ्या साच्यात सँडविच ठेवतो आणि तो विस्तवावर धरतो. आपण तवा घेऊ. काप तव्यावर ठेवला की आधी बारीक 'चर्र' असा आवाज येतो. पृष्ठभागावरचे पाणी वाफ होऊन निघून जात असते. जोपर्यंत तेथे पाणी आहे तोपर्यंत पृष्ठभागाचे तापमान 100 अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही, कारण मिळालेली उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. पाणी संपले की तापमान झपाट्याने वाढते. सुमारे 140 अंशांच्या पुढे पावातील साखर आणि अमिनो आम्ले यांच्यात वेगाने रासायनिक क्रिया होऊ लागतात. त्यांतून तांबूस रंग आणि खमंग वास देणारे शेकडो पदार्थ तयार होतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी 1912 साली या क्रियेचे वर्णन केले, म्हणून तिला मायार क्रिया म्हणतात. भाकरीवरचे तांबूस ठिपके आणि भाजलेल्या दाण्यांचा वास हेही याच क्रियेचे फळ.

तेव्हा तांबूस रंग ही एक खूण आहे. येथले पाणी गेले, असे ती सांगते. पाणी गेल्यामुळेच तो थर कडक आणि कुरकुरीत होतो. बाहेरून थोडे लोणी लावले तर ते काप आणि तवा यांच्यामधील हवेच्या फटी भरून काढते, उष्णता सगळीकडे सारखी पोहोचते आणि रंगही सारखा येतो.

मात्र काप काळा पडू देऊ नका. करपलेला भाग कडू लागतो. शिवाय स्टार्च असलेले पदार्थ फार भाजले किंवा तळले तर त्यांत ॲक्रिलअमाइड नावाचा अपायकारक पदार्थ तयार होतो, हे 2002 साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. सोनेरी रंग आला की थांबावे.

डब्यातला पाऊस

खमंग भाजलेले गरमागरम सँडविच लगेच डब्यात भरून झाकण लावले, तर सारे मुसळ केरात! आतली वाफ बाहेर पडते, थंड झाकणाला लागते आणि पाणी होऊन खाली टपकते. ढगातून पाऊस पडतो तसा हा डब्यातला पाऊस.

ताटलीत सपाट ठेवलेल्या काप्याची खालची बाजूही अशीच ओली होते. भाजलेला एक काप ताटलीत आडवा ठेवा आणि दुसरे दोन, पत्त्यांचे घर करताना पत्ते टेकवतो तसे एकमेकांना टेकवून उभे करा. पाच मिनिटांनी सर्वांना बोटाने चाचपून पहा. उभ्या कापांना चारी बाजूंनी हवा मिळते, वाफ निघून जाते आणि ते कुरकुरीत राहतात. म्हणून सँडविच चाळणीवर किंवा जाळीवर पाच-सात मिनिटे निवू द्यावे, मग स्वच्छ सुती रुमालात गुंडाळून डब्यात ठेवावे. उरलीसुरली वाफ रुमाल टिपून घेतो. वर्तमानपत्राचा कागद मात्र गुंडाळायला वापरू नका. त्यावरची शाई अन्नात उतरते. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने 2016 साली याविषयी लोकांना सावध केले आहे.

पाव फ्रिजमध्ये ठेवावा का?

आतापर्यंत आपण पाणी पावात शिरू नये म्हणून धडपडलो. मग शिळा पाव कडक का होतो? त्यातले पाणी उडून जाते म्हणून, असे तुम्ही म्हणाल. पण गंमत अशी की, पाणी जराही उडून जाऊ दिले नाही तरी पाव शिळा होतो! फ्रेंच शास्त्रज्ञ झां-बाप्तिस्त बूसँगो यांनी 1852 साली हे दाखविले. शिळा झालेला पाव पुन्हा गरम केला तर तो बराचसा मऊ होतो, हेही त्यांना आढळले.

याचे कारण स्टार्चमध्ये आहे. भाजताना स्टार्चचे रेणू पाणी घेऊन विस्कळीत होतात. थंड झाल्यावर ते हळूहळू पुन्हा शिस्तीत, एकमेकांना लागून बसू लागतात आणि पाव ताठ होतो. ही क्रिया फ्रिजच्या थंडाव्यात, म्हणजे पाण्याच्या गोठणबिंदूच्या जरा वर, अधिक वेगाने होते. म्हणून एक-दोन दिवसांत संपणारा पाव बाहेर झाकून ठेवलेलाच बरा. पावसाळ्यात बुरशी येते म्हणून फ्रिजमध्ये ठेवावाच लागला, तर काप तव्यावर गरम करूनच वापरावेत. बर्फाच्या कप्प्यात पाव घट्ट गोठवला तर ही क्रिया जवळजवळ थांबते.

बुरशीचा एक ठिपका जरी दिसला तरी तेवढा भाग काढून बाकीचा पाव खाऊ नका. बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेले असतात.

आता प्रत्यक्ष कृती

वर पाहिले ते सारे आता ओळीने मांडू. एका सँडविचला पावाचे दोन काप, दोन लहान चमचे लोणी, दोन चमचे दाट चटणी, अर्धा उकडलेला बटाटा, काकडीच्या सहा आणि टोमॅटोच्या चार चकत्या पुरतात.

1. दात घासायला जाताना लोणी फ्रिजमधून बाहेर काढा. कडक लोण्याने पाव फाटतो.
2. काकडी, टोमॅटो धुऊन पुसून घ्या. पातळ चकत्या करा, टोमॅटोचा गर काढा आणि चकत्या स्वच्छ फडक्यावर पसरा. (3 मिनिटे)
3. दोन्ही कापांच्या आतल्या बाजूंना अगदी कडेपर्यंत लोणी लावा. चटणी लोण्यावर लावा, पावावर नव्हे. (2 मिनिटे)
4. दोन्ही कापांवर बटाट्याच्या चकत्या लावा. काकडी आणि टोमॅटो त्यांच्या मध्ये येऊ द्या. म्हणजे सर्वांत ओले पदार्थ पावापासून सर्वांत दूर राहतील. (1 मिनिट)
5. मंद आचेवर तव्यात दोन्ही बाजूंनी सोनेरी भाजा. वरून वाटीने हलकेच दाबा. (4 मिनिटे)

झाली दहा मिनिटे. घरीच खायचे असेल तर लगेच खा. डब्यात न्यायचे असेल तर तुमची वेणीफणी किंवा दप्तर भरणे होईपर्यंत ते जाळीवर निवू द्या.

घरात पाव नसला तर? पोळी घ्या. पोळीला पावासारखी जोडलेली भोके नसतात, म्हणून ती इतक्या लवकर भिजत नाही. लोणी, चटणी, बटाटा हाच क्रम ठेवून गुंडाळी करा.

दोन सूचना. उकडलेला बटाटा रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी वापरू नका. काही जीवाणूंची बीजे उकळूनही मरत नाहीत आणि उबदार हवेत ती पुन्हा वाढू लागतात. बटाटा रात्री उकडला तर फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज नसेल तर सकाळच्या कुकरमध्येच उकडा. दुसरे म्हणजे, सुरी आणि गॅस हाताळताना लहानांनी घरातल्या मोठ्या माणसाला जवळ उभे राहायला सांगावे.

शेवटी एक सांगावेसे वाटते. आठवी-नववीतला मुलगा असो वा मुलगी, एवढे काम सहज जमण्यासारखे आहे. आठवड्यातून दोन दिवस आपला डबा आपण भरलात तर आईला सकाळी दहा मिनिटे निवांत चहा घेता येईल. आणि डबा कोणी भरला हे ठाऊक असले की तो तसाच परत आणायचा धीरही होत नाही!

स्वाध्याय

1. लोण्याऐवजी कापाला तेल लावले तर पहिल्या प्रयोगात काय फरक पडेल? करून पहा. खोलीच्या तापमानाला लोणी घट्ट आणि तेल पातळ असते, हे उत्तर शोधताना लक्षात ठेवा.
2. बटाट्यातही 77 टक्के पाणी आहे. तरी तो काकडीइतका पावाला भिजवत नाही. असे का?
3. पावाचे दोन काप वेगवेगळ्या पिशव्यांत घट्ट बांधून एक बाहेर आणि एक फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी कोणता अधिक ताठ लागतो? ताठ काप तव्यावर गरम केल्यावर काय होते?
4. शिक्षकांसाठी : वर्गाचे चार गट करून पहिला प्रयोग 15, 30, 45 आणि 60 मिनिटांसाठी करावा. वाढलेले वजन आणि वेळ यांचा आलेख विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा. रेषा सरळ येते की वळते, आणि का, यावर चर्चा घडवून आणावी.